महिन्याला किती पॅटर्न द्यायचे, हे सगळ्यात शेवटी ठरवा

लाँगआर्म म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या क्विल्टवर, थरांच्या गोधडीवर, नक्षी शिवणारं मोठं मशीन; संगणकीकृत असलं की ते फाइलमधल्या रेघेवरून आपोआप चालतं. प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी संगणकीकृत लाँगआर्मवर चार वर्षं क्विल्टिंग करते. स्वतः काढलेले चाळीसेक डिजिटल पॅटर्न आहेत, ते सुटे विकते. आता दर महिन्याला पॅटर्न देणारा क्लब काढायचा विचार आहे. महिन्याला किती पॅटर्न द्यावेत, वर्गणी कशी ठरवावी, कुठल्या फॉरमॅटमध्ये फाइल द्याव्यात, आणि लोक फाइल आपापसात वाटतात त्याचं काय करायचं?"

मी असा क्लब नऊ वर्षं चालवते आहे. त्यातली पहिली दीड वर्षं तो चालत नव्हता, मी त्याला ओढत होते. तुम्ही प्रश्न ज्या क्रमाने विचारलेत त्याच क्रमाने तेव्हा मीही विचार केला होता: आधी संख्या, मग पैसे, फाइल त्यानंतर. आता मात्र मी फाइलपासून सुरुवात करणार आहे, कारण क्लब टिकतो की बुडतो ते फाइलवर ठरतं.

तुमची मेंबर कोण आहे ते डोळ्यापुढे आणा. तिने गिऱ्हाइकाचा क्विल्ट फ्रेमवर चढवलाय, खाली अस्तर, मध्ये बॅटिंग म्हणजे भराव, वर टॉप, बाजूला क्लॅम्प. बहुतेक जणी चौरस इंचावर पैसे घेतात. ६० बाय ७२ इंचाचा क्विल्ट म्हणजे ४,३२० चौरस इंच, आणि त्याचे पैसे ठरलेले. मशीन चाळीस मिनिटं चाललं काय आणि तीन तास अडखळत चाललं काय, तिच्या हातात तेवढेच पडणार. फाइल बिघडली आणि दोन ओळी उसवाव्या लागल्या तर तो वेळ तिच्या खिशातून जातो. सुटा पॅटर्न विकत घेताना ती चित्र बघून भुलते, ते ठीक आहे. क्लबात मात्र चित्र बघण्याआधीच तिने पैसे दिलेले असतात. तुमची फाइल उघडायची, मापाला बसवायची आणि बटण दाबून चहा करायला जायचं, एवढ्या भरवशाचे ते पैसे असतात.

हा भरवसा कुठे तुटतो ते माझ्याच उदाहरणावरून सांगते. क्लबच्या तिसऱ्या महिन्यात मी पानांचा एक पॅटर्न दिला होता. पेन्सिलीने काढलेलं चित्र स्कॅन केलं, सॉफ्टवेअरकडून आपोआप ट्रेस करून घेतलं, स्क्रीनवर देखणं दिसलं, पाठवून दिलं. तीन दिवसांत एकीचा निरोप आला, "मशीन पानाच्या टोकाशी येऊन थरथरतं." फाइल मोठी करून पाहिली तर एका रिपीटमध्ये, म्हणजे ओळीत परत परत येणाऱ्या एका तुकड्यात, जवळजवळ १,४०० बिंदू! पानाच्या एकेका टोकाला, इंचाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या जागेत, अकरा बिंदू दाटीवाटीने बसलेले. कॅरेज, म्हणजे मशीनला फ्रेमवर सरकवणारा गाडा, दर बिंदूपाशी दिशा बदलायला अडखळणार, टाके एकावर एक बसणार आणि खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होणार. वरून काही दिसत नाही. क्विल्ट फ्रेमवरून उतरवून उलटा केला की दिसतं, तोवर सात ओळी झालेल्या असतात. तोच पॅटर्न मी हाताने पुन्हा वळणं काढून १६० बिंदूंत बसवला. दिसायला काडीचाही फरक नाही, शिवायला मात्र जमीनअस्मानाचा.

आपोआप ट्रेस करण्याची दुसरी खोड म्हणजे जाड रेषेच्या दोन्ही कडा पकडल्या जातात. तुम्हाला वाटतं एक रेघ आहे, प्रत्यक्षात तो एक बारीकसा बंद वळसा असतो आणि मशीन तीच वाट दोनदा शिवतं. हल्ली चित्रं संगणकाकडूनच काढून घेऊन ट्रेस करायची टूम आली आहे, त्यात हे जागोजाग सापडतं. चित्र कुठूनही आणा, शिवायची रेघ मात्र स्वतःच्या हाताने ओढा.

सुरुवात आणि शेवट. एज-टू-एज, म्हणजे क्विल्टच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळींनी शिवायच्या, पॅटर्नचा डावीकडचा पहिला बिंदू आणि उजवीकडचा शेवटचा बिंदू एकाच उंचीवर हवेत. "जवळपास" एकाच उंचीवर चालत नाही. दोन टोकांत एका इंचाचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ इंच, फरक असेल तर एका रिपीटला तो कुणाला दिसणारही नाही. पण जी सॉफ्टवेअर शेवटच्या बिंदूला पुढचा पहिला बिंदू जोडत जातात, त्यांच्यात नऊ रिपीटनंतर ओळ ०.१८ इंच वर चढलेली असते. मधल्या ओळी सगळ्याच तशा चढतात म्हणून खपून जातात. वरच्या बॉर्डरच्या सरळ शिवणीजवळ मात्र उतार स्पष्ट दिसतो आणि मेंबर बिचारी आपली फ्रेम वाकडी आहे का ते तपासत बसते. नुसत्या उंचीने भागत नाही, वळणाचा कलही जुळायला हवा. पहिली रेघ वर चढत निघत असेल तर शेवटची रेघही तशीच चढत येऊन मिळाली पाहिजे, नाहीतर दर जोडावर कोपरा येतो.

आता त्याच रेघेवरून परत येणं. देठ, पानाची शीर, पिसाचा कणा अशा ठिकाणी गेलेल्या वाटेनेच परतावं लागतं. इथे माझा नियम कडक आहे: एकतर हुबेहूब त्याच रेघेवरून या, नाहीतर दोन रेघांत निदान अष्टमांश इंचाचं अंतर ठेवा. मधलं काही नको. अर्धवट जवळच्या दोन रेघा म्हणजे हात चुकल्यासारखं दिसतं, आणि दोष मशीनवर जातो. शिवाय एकाच बिंदूतून तीनपेक्षा जास्त रेघा गेल्या की तिथे दोऱ्याची गाठ उभी राहते. फुलाच्या मध्यात सगळ्या पाकळ्या आणून मिळवायचा मोह होतो. मध्यात एक लहानसं वर्तुळ किंवा गिरकी ठेवली की रेघा पसरतात.

पॅटर्न शिवून बघणं हा क्लब चालवण्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि तो टाळता येत नाही. एकच रिपीट शिवून समाधान मानू नका. तीन रिपीट आणि दोन ओळी, इतकं तरी शिवा. तीन रिपीटमध्ये आडवा जोड दोनदा दिसतो, दोन ओळींत उभी गुंफण दिसते. कापड गडद आणि साधं, दोरा फिका. छापील कापडावर वाईट पॅटर्नही चांगला दिसतो, म्हणून तिथे चाचणी घ्यायचीच नाही. शिवून झाल्यावर आधी उलटी बाजू बघायची, सुलटी नंतर.

मग तोच पॅटर्न ६० टक्के आणि १४० टक्के मापावर शिवायचा. लहान करताना जिथे रेघा एकमेकींना चिकटतात ते कळतं, मोठा करताना कुठे ओसाड मैदान पडतं ते कळतं. या दोन टोकांमध्ये जे माप चांगलं दिसतं, तेवढंच पॅटर्नसोबत जाणाऱ्या माहितीपत्रकात "योग्य माप" म्हणून लिहायचं. सगळ्या मापांना चालणारा पॅटर्न क्वचितच असतो.

एकटीने सगळ्या मशीनवर चाचणी घेणं शक्य नाही. माझ्याकडे पाच जणी आहेत, प्रत्येकीची संगणक प्रणाली वेगळी. त्यांना वर्गणी माफ आणि फाइल तीन आठवडे आधी. चाचणी करणाऱ्या निवडताना कौतुक करणाऱ्या घेऊ नका. माझी सर्वांत उपयोगी परीक्षक दर महिन्याला फक्त दोष लिहून पाठवते. "सुंदर" हा शब्द तिने नऊ वर्षांत दोनदा वापरलाय.

फॉरमॅटचं उत्तर सोपं आहे: जितक्या प्रणालींवर चाचणी घेता येते तितके. गॅमिलच्या स्टॅटलरला क्यूएलआय लागतं, हँडी क्विल्टरच्या प्रो-स्टिचरला एचक्यूएफ, इंटेलिक्विल्टरला आयक्यूपी, बर्निनाच्या क्यू-मॅटिकला बीक्यूएम. बाकीच्यांसाठी डीएक्सएफ, आणि कागदावरून हाताने चालवणाऱ्यांसाठी पीडीएफ. आर्ट अँड स्टिचसारख्या सॉफ्टवेअरमधून एकाच मूळ फाइलवरून यातले बरेच फॉरमॅट निघतात, त्यामुळे काम वाटतं तितकं नाही. जपायचं ते एवढंच की मूळ फाइल एकच असावी. दोष सापडला की तो मूळ फाइलमध्ये दुरुस्त करायचा आणि सगळे फॉरमॅट नव्याने काढायचे. घाईत एकट्या एचक्यूएफमध्ये ठिगळ लावलंत, तर पुढच्या वर्षी कुठली फाइल खरी ते तुम्हालाच आठवणार नाही. नावात आवृत्तीचा आकडा घालायचा तोही यासाठीच.

डीएक्सएफबद्दल दोन शब्द, कारण "सगळीकडे चालतं" म्हणून लोक त्यावर विसंबतात. ऑटोडेस्कने हा फॉरमॅट १९८२ मध्ये ऑटोकॅडबरोबर आणला, नकाशे आणि यंत्रांचे आराखडे इकडून तिकडे न्यायला. फाइलमध्ये रुंदी १२ अशी असते, पण १२ इंच की १२ मिलिमीटर हे पुष्कळदा वाचणारं सॉफ्टवेअर आपल्या मनाने धरतं. मग फूटभर रुंदीचा पॅटर्न मशीनवर नखाएवढा उघडतो. बदाबद तक्रारी येतात. दुसरं असं की काही प्रणालींना वक्ररेषा वाचता येत नाहीत, त्यांना बारीक सरळ तुकड्यांची साखळी लागते. तुकडे फार मोठे ठेवले तर गोल वळण बहुकोनी दिसतं, फार लहान ठेवले तर तीच बिंदूंची गर्दी परत आली.

फाइलचं नाव रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढ्यातच बसवा, आणि आखूड ठेवा. जुन्या मशीनच्या छोट्या स्क्रीनवर लांब नावाची शेपटी कापली जाते आणि एकाच संचातले चार पॅटर्न एकाच नावाचे दिसतात. आणि मदतीसाठी येणारा सर्वांत नेहमीचा निरोप कुठला असेल सांगा? "मशीनला फाइल दिसत नाही." कारण शंभरातल्या नव्याण्णव वेळा एकच: झिप न उघडता तशीच पेनड्राइव्हवर टाकलेली असते. मी आता दर महिन्याच्या पत्रात पहिली ओळ तीच लिहिते. जुन्या मेंबर वैतागतात, वैतागू देत.

माहितीपत्रक हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. बहुतेक डिझायनर पॅटर्नची लांबी-रुंदी देतात आणि थांबतात. मेंबरला खरी गरज असते ती ओळींच्या अंतराची. समजा पॅटर्न १० इंच उंच आहे, पण वरच्या ओळीच्या खळग्यात खालच्या ओळीचा उंचवटा शिरतो, म्हणून ओळ ते ओळ अंतर ८ इंच. ७२ इंच लांबीच्या क्विल्टला किती ओळी लागतील? ७२ ला १० ने भागून सातच्या वर येतं, ते चूक. पहिली ओळ १० इंच घेते, पुढची प्रत्येक ८. नऊ ओळींची उंची १० अधिक आठ गुणिले ८, म्हणजे ७४ इंच. दोन इंच जास्त झाले, तर पॅटर्न साधारण ९७ टक्क्यांवर आणला की वरखाली नेमका बसतो. हे गणित सॉफ्टवेअर करतं, खरं आहे, पण त्याला ८ हा आकडा कुणीतरी सांगावा लागतो आणि तो तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नसतो. दुसरी ओळ अर्धा रिपीट सरकवायची की नाही, तेही लिहा. एका ओळीतलं वाक्य पुरतं.

दुसरा आकडा म्हणजे एका रिपीटमधल्या रेघेची एकूण लांबी. समजा १२ इंच रुंद रिपीटमध्ये ९५ इंच रेघ आहे. ६० इंच रुंदीला पाच रिपीट, नऊ ओळी, म्हणजे ४५ रिपीट. ४५ गुणिले ९५ म्हणजे ४,२७५ इंच, साधारण ११९ यार्ड. इंचाला दहा टाके धरले तर ४२,७५० टाके. मिनिटाला १,५०० टाक्यांनी मशीन अखंड धावलं तर साडेअठ्ठावीस मिनिटं. वळणांवर ते मंदावतं, शिवून झालेला पट्टा पुढे गुंडाळावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या कितीतरी जास्त. पण दोन पॅटर्नची तुलना करायला हा आकडा चांगला आहे: ९५ इंचांच्या पॅटर्नपेक्षा १९० इंचांचा पॅटर्न साधारण दुप्पट दोरा आणि जवळजवळ दुप्पट वेळ खाणार. हा आकडा बघून मेंबर गिऱ्हाइकाला दर सांगते, आणि ओळीच्या मध्येच बॉबिन संपू नये म्हणून ती कधी बदलायची तेही ठरवते. मी हा आकडा द्यायला लागले तेव्हा आलेली आभाराची पत्रं कुठल्याही सुंदर पॅटर्नला आलेली नाहीत.

मोठं माप सुचवताना मशीनच्या गळ्याचाही, म्हणजे सुईपासून मागच्या खांबापर्यंतच्या मोकळ्या जागेचाही, विचार ठेवा. गळा २२ इंच असला तरी तेवढा सगळा शिवायला मिळत नाही. मशीनची स्वतःची जागा जाते, आणि शिवलेला क्विल्ट आतल्या दांड्यावर गुंडाळत गेला की उरलेली जागाही आक्रसते. चौदा इंच उंच रिपीट पहिल्या ओळीला आरामात बसतो आणि शेवटच्या ओळीला अडकतो. म्हणून एज-टू-एज पॅटर्न मी दहा-अकरा इंचांच्या वर सहसा नेत नाही.

हे सगळं जमलं की मग साठा. क्लब म्हणजे मासिक आहे, तारखेला निघालंच पाहिजे. मी दुसऱ्या वर्षी महिन्याचा पॅटर्न महिन्यातच काढायचे, अगदी शेवटच्या आठवड्यात. मग मनगट मोडलं. उजवं. हात प्लास्टरमध्ये, पैसे तर खात्यात येऊन पडलेले. तो अंक अकरा दिवस उशिरा निघाला, तोही जुनाच एक पॅटर्न डाव्या हाताने सावरून. मेंबरांनी सहानुभूतीची पत्रं लिहिली आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी पुढच्या महिन्यात वर्गणी बंद केली. राग नव्हता कुणाचा, पण एकदा तारीख चुकली की माणूस "हे आपल्याला खरंच लागतं का" असा हिशेब करायला बसतो. तेव्हापासून सहा महिन्यांचा माल, चाचणी झालेला, माहितीपत्रकासकट, कपाटात असल्याशिवाय मला झोप येत नाही. आणि कपाट म्हणजे दोन वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या प्रती.

साठा असला की ऋतूही सांभाळता येतात. ख्रिसमसचे क्विल्ट लाँगआर्मवाल्यांकडे उत्तर गोलार्धातला उन्हाळा सरताच यायला लागतात. हिमकणांचा पॅटर्न डिसेंबरात दिलात तर तो पुढच्या वर्षापर्यंत पडून राहणार. ऑगस्टात द्या. त्याच वेळी दक्षिण गोलार्धातल्या मेंबर वसंताची वाट बघत असतात, त्यामुळे संपूर्ण अंक हिमकणांचा करू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न. महिन्याला दहा-बारा पॅटर्न देणारे क्लब आहेत आणि सुरुवातीला ते भराभर वाढतात. पण वर्गणी बंद करणाऱ्यांना मी कारण विचारते, तेव्हा "पॅटर्न कमी होते" असं जवळजवळ कुणी म्हणत नाही. "मागचेच अजून वापरले नाहीत" असं म्हणतात. न उघडलेल्या फाइलींचा ढीग माणसाला टोचतो, आणि टोचणी काढायचा सोपा उपाय म्हणजे वर्गणी थांबवणं. जास्त देऊन मेंबर लवकर जाते, हे गळी उतरायला मला वेळ लागला. तीन पॅटर्न पुरे: एक साधा, झटपट शिवला जाणारा, चुका पोटात घालणारा एज-टू-एज; आणि त्याच घराण्यातले बॉर्डर व ब्लॉक (सुट्या चौकोनात बसणारा पॅटर्न), नाहीतर बॉर्डर आणि कोपरा. एकाच क्विल्टवर तिन्ही वापरता येतात, त्यामुळे तिन्ही उघडले जातात. फोटोत वाहवा मिळवणारे गच्च पिसांचे पॅटर्न वर्षातून दोनदा द्या, तुमची हौस म्हणून. रोजचं पोट साध्या पॅटर्नवर चालतं, तुमचंही आणि मेंबरचंही.

गळतीचा हिशेब कागदावर मांडून बघा. महिन्याला शंभरातल्या पाच जणी गेल्या आणि नवीन कुणी आलं नाही, तर वर्षअखेर ५४ उरतात. तीनच गेल्या तर ६९. हा फरक जाहिरातीने भरून काढायला किती धावावं लागतं ते करून पाहिलंय. चांगल्या फाइलने तो भरून निघतो, पैसे न लागता.

वर्गणी: तीन पॅटर्न सुटे घेतले तर जे होतील त्याच्या निम्म्याच्या आसपास. एका सुट्या पॅटर्नपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर तुमच्या दुकानातले सुटे पॅटर्न महाग वाटायला लागतात. क्लबचे पॅटर्न सहा महिने फक्त मेंबरांना, नंतर दुकानात. पैसे घेणाऱ्या सेवा दर व्यवहाराला ठरावीक रक्कम अधिक टक्केवारी कापतात, त्यामुळे लहान मासिक रकमेत ही कापाकापी फार झोंबते. तिमाही किंवा वार्षिक वर्गणीला थोडी सूट द्या. पण वार्षिक पैसे हातात आले म्हणजे कमावले असं नाही. बारा महिन्यांचं देणं आहे ते. मी ते वेगळ्या खात्यात ठेवते आणि दर महिन्याला बारावा हिस्सा काढून घेते. उद्या क्लब बंद करायची वेळ आली तर उरलेले पैसे परत देता आले पाहिजेत.

वर्गणी थांबवणं सोपं ठेवा. एक बटण, प्रश्न नाहीत. अमेरिकेत २०१० पासून आपोआप नूतनीकरण होणाऱ्या ऑनलाइन वर्गणीसाठी अटी आधी स्पष्ट सांगणं, ग्राहकाची उघड संमती घेणं आणि बंद करण्याची साधी सोय देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. युरोपीय संघातल्या ग्राहकाला चौदा दिवसांत माघार घेता येते. डाउनलोड सुरू झालं की तो हक्क संपतो, पण त्याला तिने आधी उघड संमती दिलेली असावी लागते. तो चौकोन पैसे भरण्याच्या पानावर ठेवायला विसरू नका. कराचंही बघा: युरोपीय संघात २०१५ पासून डिजिटल मालावरचा व्हॅट ग्राहकाच्या देशाप्रमाणे लागतो. हा व्याप स्वतः सांभाळण्यापेक्षा, विक्रेता म्हणून कर भरायची जबाबदारी स्वतःकडे घेणाऱ्या सेवेमार्फत विकणं मी पत्करलं. जास्त टक्के जातात, पण डोकं शांत राहतं. जाणाऱ्या मेंबरने आधी घेतलेले पॅटर्न तिचेच, आयुष्यभर. ते काढून घ्यायचा विचारही करू नका.

राहिला वाटावाटीचा प्रश्न. फाइलला कुलूप लावता येत नाही, मशीनच ते उघडणार नाही. मी माहितीपत्रकाच्या तळाशी मेंबरचा क्रमांक छापते आणि परवाना पाच साध्या वाक्यांत लिहिते: गिऱ्हाइकाचे कितीही क्विल्ट शिवा, विका, प्रदर्शनात लावा. फाइल मात्र दुसरीला देऊ नका, फॉरमॅट बदलूनही नाही. एका व्यवसायात दोन मशीन असतील तर दोन्हीवर चालेल. दोन मैत्रिणींनी वर्गणी वाटून घेतली तर चालणार नाही. एकदा एका गटात माझे सात पॅटर्न मोफत टाकलेले सापडले. वकिलाची भाषा मनात तयार होती. एक साधं पत्र लिहिलं, त्याच दिवशी फाइल निघाल्या आणि टाकणारी पुढच्या महिन्यात मेंबर झाली. तिला खरंच वाटत होतं की विकत घेतलेलं पुस्तक देतो तसंच हे आहे.

तसं ते नाही, आणि याची खरी गोची जुनं मशीन विकताना होते. मशीनच्या संगणकात शेकडो पॅटर्न भरलेले असतात आणि जाहिरातीत "पॅटर्नसकट" असं लिहिलं जातं. छापील पुस्तक वाचून झाल्यावर विकायचा हक्क डिजिटल फाइलला लागू होत नाही, या दिशेचे दोन मोठे निकाल आहेत: अमेरिकेत २०१८ मध्ये रीडिजी प्रकरणात डिजिटल संगीताबद्दल, युरोपीय न्यायालयात २०१९ मध्ये टॉम कॅबिनेट प्रकरणात ई-पुस्तकांबद्दल. पण कायदा माझ्या बाजूने आहे म्हणून निवृत्त होणाऱ्या बाईशी भांडायचं का? माझ्या परवान्यातच सोय आहे: मला एक ओळ कळवा, तुमच्या प्रती पुसा, पॅटर्न नव्या मालकिणीच्या नावे होतील, एकदाच. मशीनवाली वारली आणि घरच्यांनी मशीन विकलं, तरी हेच. अशा नव्या मालकिणींपैकी पुष्कळ जणी नंतर मेंबर होतात.

तुम्ही स्वतः काय काढता याचंही भान ठेवा. पंख्यासारखी कमानी वळणं, शिंपल्यांच्या ओळी, संत्र्याच्या फाका, पिसं ही जुनी, सगळ्यांची आकृतिबंधांची शिदोरी आहे. तुम्ही ओढलेली रेघ तुमची, पंख्याची कल्पना तुमची नाही. दुसरीने पंखे काढले म्हणून चोरीचा आरोप करू नका. आणि दुसऱ्या कुणाच्या फाइलवर बिंदू हलवून नवीन पॅटर्न तयार करू नका. या धंद्यात रेघ ओळखणाऱ्या नजरा फार आहेत.

तर आता ते चाळीस पॅटर्न काढा. गडद कापड, फिका दोरा, तीन रिपीट, दोन ओळी, उलटी बाजू आधी. जे एकही बिंदू न हलवता पास होतील आणि अजून कुणालाच विकलेले नाहीत ते एका बाजूला ठेवा, कारण जुन्या गिऱ्हाइकांना तोच माल क्लबातून परत देता येणार नाही. असे जितके निघतील त्यांना तीनने भागा. सहाच्या खाली उत्तर आलं, म्हणजे सहा महिन्यांचा साठा नसला, तर एवढ्यात क्लबचं नाव जाहीर करू नका.